एकदा भोकं पाडली की

देगावच्या एमआयडीसीत, अल्ताफ मुलाणींच्या शेडमध्ये
सकाळपासून उभी आहे आमची बोलेरो,
टपावर घडी घातलेला तंबू
आणि अल्ताफभाईंच्या हातात ड्रिल.
"बोला वहिनी, कुणीकडं उघडायचा?
एकदा भोकं पाडली की पाडली."

डावीकडं उघडला तर शिडी उतरते
रस्त्याच्या कडेला, गवतात.
गवतात काय असेल ते असेल.
उजवीकडं, तर थेट उसाच्या ट्रॉलीपुढं.
मागं उघडला तर त्याच्या सावलीत
स्टोव्ह मांडता येतो, चहा होतो,
पण मागचं दार आणि शिडी
जावांसारख्या एकमेकींना आडव्या येतात.

दिगंबर टेप घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालतोय.
एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात,
कुठला दरवाजा किती फूट उचलायचा
हे झोपेतही सांगायचा.
नाव दिगंबर, दिशा हेच ज्याचं वस्त्र,
आणि या एवढ्याशा कापडाला
त्याला दिशा सापडेना.

"चाळकेवाडीच्या पठारावर वारा पश्चिमेचा," तो म्हणाला,
"पाठ पश्चिमेला, दार पूर्वेला."
मी म्हटलं, मला सहा वाजता डोळ्यांवर ऊन नकोय,
ते चाळीस वर्षं घेतलं.
"मग बामणोलीला? तिथं तर पाणी समोर पाहिजे."
पाणी तुझं. तूच बघ.

पवनचक्क्यांचं बरं असतं,
वारा फिरला की मान फिरवतात,
कुणी त्यांना पलटी खाल्ली म्हणत नाही.
आम्हाला बारा बोल्ट,
आणि बाराही घट्ट.

एवढा वेळ टपावर बसून वडापाव खाणारा यशराज
(अल्ताफभाईंचा हेल्पर, मिसरूड नुकतंच)
बोट पुसत म्हणाला,
"काका, तंबू वळत नाय, पण गाडी वळती की."

कॉम्प्रेसरसुद्धा त्याच क्षणी बंद पडला.
दिगंबरनं टेप सोडली,
ती सर्रकन आपल्या डबीत गेली.

म्हणजे वारा मिटला, ऊन मिटलं, पाणीही मिटलं.
अल्ताफभाई हसले आणि मग सहज बोलून गेले,
"तेवढं ध्यानात ठेवा, अर्धं अंथरूण टपावर येतं,
अर्धं हवेवर. ते सगळं शिडीवर पेललेलं."

अर्धं हवेवर.
ऑपरेशन झाल्यापासून हा रात्री दोनदा उठतो.
दिवा लावत नाही, माझी झोप मोडू नये म्हणून.
माझी मोडलेलीच असते.
मी पडल्या पडल्या मोजत राहते,
कडी, मोरीचं दार, नळ, पुन्हा कडी.
पलंगाच्या डाव्या अंगानंच उतरतो नेहमी,
चप्पल न चाचपता,
पायांना ते पाठ झालंय.

"डावीकडं," मी म्हटलं.
"का गं?"
"गवत असतं. ट्रॉलीपेक्षा बरं."
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
धरणाच्या पाण्याकडं पाहायचा तसं,
वर किती दिसतंय आणि खाली किती असेल.
मग खडू घेतला आणि टपाच्या कडेला
डावीकडं बाण काढला. थोडा वाकडाच.

ड्रिल सुरू झालं.
पत्र्याचा कीस माझ्या पदरावर.

चार वाजता शेडमध्येच उघडून पाहिला.
तंबूचं टोक भिंतीवरच्या कॅलेंडरला टेकलं,
मागच्या वर्षीच्या.
आधी तो चढला, मग मी.
आडवे झालो. पाठीखाली गाडी होती,
गुडघ्यांपासून पुढं काहीच नव्हतं.
त्यानं पाय हलवून पाहिले. मीही.
मी जाळीतून खाली वाकून पाहिलं,
यशराज शिडी धरून उभा होता
दोन्ही हातांनी,
धरायची काहीच गरज नसताना.